जुना बोर्ड, ऱ्हस्व ए

काल सकाळी अंगण झाडताना केरसुणीच्या काड्यांत पांढरा धागा अडकलेला दिसला. वाकून काढला, बोटांत चोळला. कापूस. मान वर केली तर विजेच्या तारेवर, पेरूच्या पानांवर, शेजारच्या दोरीवरल्या हिरव्या लुगड्यावर, सगळीकडे तीच बारीक लव. मागच्या गल्लीतलं जिनिंग, कापसातून सरकी काढायचा कारखाना, सुरू झालं होतं.

दिग्रसला राहणाऱ्याला हा मोसम कॅलेंडरवर पाहावा लागत नाही. सरकीचा तेलकट, किंचित उबट वास आधी येतो. मग भल्या सकाळी ट्रॉल्यांची रांग, त्यांवर ताडपत्रीबाहेर डोकावणारा कापूस, चालकांच्या चहाच्या आरोळ्या. गावाबाहेर तुरी पिवळ्या फुलांनी भरलेल्या असतात. आणि जिनिंगची मोठी मोटर चालू झाली की आमच्या घरातली ट्यूबलाइट क्षणभर मिचकते. ती मिचकली की माझा हात आजही नकळत छातीवर जातो. याच मोसमात, तीन वर्षांपूर्वी, बाबांचं बारा वर्षांचं काम मी स्वतःच्या हातानं संपवायच्या बेतात होते.

बाबा म्हणजे माझे वडील. प्राथमिक शाळेत मास्तर होते. नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी झरी जामणीकडच्या जंगलात, कोलाम आदिवासींच्या पोडांवर काढली. पोड म्हणजे वीस-पंचवीस घरांची वस्ती. पहिल्याच आठवड्यात पहिलीतल्या एका पोरीनं त्यांच्याकडे 'ईर' मागितलं. बाबांना कळेना. त्यांनी तिला खडू दिला, पाटी दिली. ती मान हलवत राहिली आणि शेवटी तहानलेलीच घरी गेली. त्या दिवशी बाबांनी वहीच्या पहिल्या पानावर पहिला शब्द लिहिला: ईर, पाणी. त्यानंतर किस, विस्तव. मग झाडांची, पाखरांची, बांबूच्या टोपल्यांची, आजारांची नावं. निवृत्त होईपर्यंत पाच जाड वह्या भरल्या होत्या.

त्या वह्या कॉम्प्युटरवर आणायचं वेड त्यांना माझ्यामुळे लागलं. माझं बसस्टँडजवळ कंपोझिंगचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, पोथ्या, शाळांची मासिकं, संस्थांचे अहवाल. दुकानात नवं मशीन घेतलं तेव्हा जुनं मी घरी बाबांच्या खोलीत आणून ठेवलं. एका बोटानं टाइप करणारा माणूस, पण रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून त्या खुर्चीत बसायचा. शाळेत चालल्यासारखा. मधे एका पावसाळ्यात वह्यांच्या ट्रंकेत वाळवी शिरली आणि पाचही वह्यांची माती झाली. बाबा त्या मातीकडे पाहून म्हणाले, "बरं झालं व मित्रा, सारं मशीनमंदी घेऊन ठेवलं." माझं नाव संघमित्रा. घरात मित्रा.

एक गोष्ट बाबांना फार जपायची होती. कोलामी भाषेत 'ए' दोन आहेत, एक लांब आणि एक आखूड. 'ओ'सुद्धा दोन. मराठीत तो फरक लिहायची सोय नाही. आमच्या जुन्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये मी त्यांना कीबोर्डच्या एका रिकाम्या कळीवर छोटंसं चिन्ह बनवून दिलं होतं. मात्रेच्या खाली बाकदार रेघ, नखाच्या कोरीएवढी. ती रेघ आली की 'ए' ऱ्हस्व. बाबा ती रेघ टाइप करताना ओठ हलवत तो आवाज काढून पाहायचे, मग पुढे जायचे.

त्या मोसमात मशीन बिघडलं. आधी हळू झालं, मोठी फाईल उघडायला लागलं की गोठून बसायचं. मग आपोआप बंद पडू लागलं. बाबांचं अर्धं पान लिहून व्हायचं आणि पडदा काळा. ते काही बोलायचे नाहीत. पुन्हा बटण दाबायचे, पुन्हा तेच पान लिहायचे. एकदा मी दुपारी जेवायला घरी आले तर ते काळ्या पडद्यासमोर हात मांडीवर ठेवून बसले होते. त्या पडद्यात त्यांचाच चेहरा दिसत होता. ताट तसंच झाकलेलं.

"बाबा, जेवले नाई?"

"तिसऱ्यांदा गेलं व. एकच शब्द तिसऱ्यांदा लिवला."

त्यांचं वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. मला वाटलं, या माणसाचे दिवस हे मशीन खाऊन राहिलं आहे. आपण रोज लोकांच्या पत्रिका सजवतो, आणि घरात बापाला हा खटारा. ठरवलं, याचा मदरबोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही बदलून टाकायचे. आतलं सारं नवं, बाहेरची पेटी तीच. बाबांना कळायच्या आधी. आठवडाभरातच ते झरीकडे निघाले. वर्षातून दोनदा ते भीमाबाईंकडे जात. भीमाबाई पोडावरच्या म्हाताऱ्या, बाबांपेक्षाही वयानं मोठ्या. शब्द बरोबर की चूक हे त्यांच्या कानावर ठरायचं. बाबांची एसटी डेपोतून निघाली आणि मी रिक्षात मशीन घालून थेट इरफानभाईंच्या दुकानात गेले.

इरफानभाई पंधरा वर्षांपासून माझं सारं काम करतात. अंगानं जाड, बोटं मात्र सोनारासारखी. त्यांनी पेटी टेबलावर ठेवली आणि विचारलं, "ताई, फक्त प्रोसेसर बदलून पाहू का? या बोर्डावर यापेक्षा चांगला बसते. पूर्ण बोर्ड बदलायची जरूरत काय?"

"नाई, बोर्डच बदला. पुन्हा कटकट नको."

"डाटा?"

"पेन ड्राइव्हवर घेतला सारा."

हे मी मोठ्या ऐटीत म्हटलं. रोज दहा लोकांना 'बॅकअप घ्या' म्हणून सांगणारी बाई मी.

दुसऱ्या दिवशी दुकानात एका शाळेच्या मासिकाची पानं लावत होते. फोन आला.

"ताई, एक बात सांगा. मागच्या साइडले प्रिंटरच्या जुन्या पोर्टात हा डबा कायचा लागून होता?"

"कोणता डबा?"

"काडेपेटीएवढा. राखाडी. स्क्रूनं कसलेला."

माझ्या हातातला माउस तिथेच राहिला. ते लॉक होतं. जुनं मराठी सॉफ्टवेअर त्या डब्याशिवाय उघडतच नसे. इतकी वर्षं तो मशीनच्या पाठीमागे भिंतीकडे तोंड करून होता, म्हणून माझ्या डोक्यातूनच गेला होता. दुकानातलं सॉफ्टवेअर वेगळं, नवं. पेन ड्राइव्हवर मी फाईली घेतल्या होत्या, पण त्या उघडणार कशात? तिथल्या तिथे ड्राइव्ह लावला आणि बाबांची फाईल नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. पडद्यावर चौकोन, प्रश्नचिन्हं, उलटे कंस. अक्षरं बदलून घेणाऱ्या प्रोग्रामातून काढली. मराठी शब्द मोडके-तोडके आले. ऱ्हस्व 'ए'ची रेघ एकाही ठिकाणी आली नाही. जिथे-जिथे ती होती तिथे रिकामी जागा.

"इरफानभाई, जुना बोर्ड कुठे आहे?"

"काढला. पुठ्ठ्यावर ठेवला आहे."

"त्याले हात लावू नका. मी आली."

दुकानाचं शटर अर्धं ओढून मी गेले. रस्त्यात कापसाच्या ट्रॉल्यांनी कोंडी केली होती, मी त्यांच्यामधून वाट काढत अक्षरशः पळाले. केसांत कापूस, पदरावर कापूस. इरफानभाईंच्या टेबलावर नवा बोर्ड पेटीत कसून तयार होता, चकचकीत. त्याच्या मागे ते लांबट पोर्ट नव्हतंच.

"आजकालच्या बोर्डावर हे येतच नाई, ताई. मी एक कार्ड लावून पाह्यलं, त्याले हे पोर्ट आहे. डबा लागते. पण सॉफ्टवेअर त्याले ओळखून नाई राह्यलं."

"मंग?"

"मंग जुनाच परत बसवतो. कायले टेन्शन घेता?"

त्यांनी नवा बोर्ड काढला, जुना कसला. तारा लावल्या. बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळा. आतून तीन बीप आले, जरा थांबून पुन्हा तीन.

इरफानभाईंनी एकेक वस्तू काढून पुन्हा घातली, पुन्हा बटण दाबलं. तीन बीप. दुसरा पॉवर सप्लाय लावला. तीन बीप. मी स्टुलावर बसले होते. मला सारखं दिसत होतं ते पडद्यातलं बाबांचं तोंड.

त्यातच माझा फोन वाजला. बाबा. पोडामागच्या टेकडीवर चढलं की त्यांना रेंज मिळते.

"मित्रा! ऐकू येते काय? भीमाबाईनं आज चौदा नवे शब्द देल्ले! चौदा! अन् तो मोहाच्या फुलाचा शब्द मी इतके वर्सं चुकीचा लिवला होता, मालूम? ऱ्हस्व ए पाह्यजे तिथं. आल्या-आल्या दुरुस्त करतो."

वारा येत होता त्यांच्या आवाजात. मागे कुणीतरी हसत होतं.

"हो बाबा."

"तुह्या आवाजाले काय झालं?"

"काही नाई. धूळ आहे. जिनिंग सुरू झालं ना."

"मी उद्या निघतो. मशीन झाकून ठेवजो."

फोन ठेवला आणि मला रडू आलं. इरफानभाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, हे त्यांचं मोठेपण. ते पाठ करून बोर्ड उजेडाकडे धरत राहिले. मग त्यांनी पंख्याखालचा अॅल्युमिनियमचा तुकडा उचलून माझ्यासमोर धरला. त्याच्या पात्यांमध्ये राखाडी, घट्ट, नमद्यासारखी गादी बसली होती.

"हे पाहा. तुमच्या घरामागचं अर्धं जिनिंग इथं आहे. मशीन बंद काहून पडत होतं, हे आता समजलं. गरम होत होतं बिचारं. याले श्वासच नव्हता."

म्हणजे जे मी इतकं मोठं ठरवलं होतं त्याची मुळात गरजच अर्धी होती. पण आता त्या शहाणपणाचा उपयोग काय? बोर्ड मेला असेल तर मेला.

त्यांनी ती गादी चिमट्यानं ओढून काढली, ब्रशनं पाती साफ केली, प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली पेस्ट पुसून नवी लावली. मग रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढल्या. ड्रॉवर उघडून काहीतरी शोधलं. खोडरबर निघालं, शाळेतल्या पोरांकडे असतं तसलं. पट्टीच्या सोनेरी दातांवरून ते हळूहळू घासू लागले. एक पट्टी, दुसरी पट्टी. रबराचे काळे तुकडे फुंकून टाकले. पट्ट्या बसवल्या, दोन्ही बाजूंची खट्-खट् ऐकू आली.

बटण.

एकच बीप. छोटा, स्वच्छ. आणि पडद्यावर पांढरी अक्षरं.

मी स्टुलावरून उठले आणि पुन्हा बसले. इरफानभाईंनी डबा कसला, सॉफ्टवेअर उघडलं, मी बाबांची फाईल उघडली. ईर. किस. खाली-खाली गेले. मात्रेच्या खाली ती नखाच्या कोरीएवढी रेघ. मी पडद्यावर तिला बोट लावून पाहिलं.

"अल्लाचा शुक्र," इरफानभाई म्हणाले आणि बाहेर जाऊन दोन चहा सांगून आले. असा चहा मी त्यानंतर प्यायले नाही. खरं तर तो फार गोड होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा आले. पिशवीत मोहाची वाळलेली फुलं आणि वहीत चौदा शब्द. मी ठरवलं होतं की काही सांगायचं नाही. मशीन जागेवर होतं, चालू होतं, आता बंदही पडत नव्हतं. पण ते खुर्चीत बसले, इस्त्री गेलेल्या सदऱ्यात, आणि मोहाच्या शब्दाला रेघ देऊन माझ्याकडे वळून इतके मोकळे हसले की मला राहवलं नाही. सगळं सांगितलं. नवा बोर्ड, डबा, तीन बीप, खोडरबर.

बाबांनी वही मिटली. बाहेर ट्रॅक्टर गेला.

"तू मले न विचारता काहून नेलं?"

"तुमाले आनंद द्याचा होता."

"हं." मग म्हणाले, "वह्या वाळवीनं खाल्ल्या तवा मी म्हटलं, मशीनमंदी आहे. मशीन वाळवीपेक्षा मोठी वाळवी निंघाली असती." आणि त्यांना हसू आलं. मला नाही आलं.

संध्याकाळी इरफानभाई मुद्दाम घरी येऊन गेले. मशीन बंद पडत नसलं तरी मोठी फाईल अजून अडखळत होती. त्यांच्याकडे एका ऑफिसमधून निघालेला चांगला प्रोसेसर होता, याच बोर्डावर बसणारा. फक्त तो ओळखण्यासाठी बोर्डाच्या आतला एक जुना प्रोग्राम आधी नवा करावा लागणार होता.

"चार-पाच मिनिटांचं काम, गुरुजी. तुमचं मशीन घोड्यासारखं पळन."

"अन् त्या चार मिनिटांत लाईन गेली तर?"

इरफानभाई खोटं बोलत नाहीत. "तर बोर्ड गेला. मंग खोडरबराचं काम नाई."

मी म्हणाले, नकोच. जसं आहे तसं चालू द्या. कालचे तीन बीप अजून माझ्या कानात होते. इरफानभाईंनी मान डोलावली. बाबा मात्र विचार करत राहिले. मास्तर होते ते. चुकलेल्या पोराला घाबरवायचं नाही, त्याच्याकडून गणित पुन्हा सोडवून घ्यायचं, ही त्यांची रीत.

"मित्रा, तुह्या दुकानातला प्रिंटर इथं आण. आधी सारं छापून घे. कागदावर. मंग काय बदलवाचं ते बदलवा."

इतकं साधं. मी छपाईच्या धंद्यातली, आणि बारा वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. कारण बाबांचं काम 'पूर्ण' झाल्यावर छापायचं असं आमच्या डोक्यात होतं. शब्दांचं काम पूर्ण कधी होतं?

पुढचे चार दिवस घरात प्रिंटरचा आवाज होता. पेटी उघडी ठेवून शेजारी टेबलफॅन लावला, मशीनला वारा घालायला. दारं-खिडक्या बंद, कापूस आत येऊ नये म्हणून. गरम कागदाचा वास, शाईचा वास. बाबा एकेक पान हातात घ्यायचे, उजेडाकडे धरायचे, रेघ आली का बघायचे आणि खाली ठेवायचे. दुपारपर्यंत गठ्ठा गुडघ्याएवढा व्हायचा असं मला आठवतं. तो तेवढा असणं शक्य नाही, पण आठवतो तेवढाच. त्याची एक झेरॉक्स प्रत इरफानभाईंच्या घरी ठेवली, एक माझ्या दुकानात. पीडीएफ तीन ठिकाणी.

रविवारी जिनिंग बंद असतं. ट्यूबलाइट मिचकत नाही. त्या रविवारी सकाळी इरफानभाई यूपीएस घेऊन आले. पडद्यावर एक निळी पट्टी भरत जाऊ लागली. मी दाराच्या चौकटीला धरून उभी. बाबा शेजारी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते, ओल्या, हिरव्या. त्यांनी एकदाही मान वर केली नाही. पट्टी भरली, मशीन बंद होऊन चालू झालं. नवा प्रोसेसर बसला. मोठी फाईल उघडेपर्यंत पूर्वी मूठभर शेंगा सोलून झाल्या असत्या. आता दाणा तोंडात टाकेपर्यंत उघडली.

"झालं?" बाबांनी विचारलं.

"झालं, गुरुजी."

"मंग शेंगा घेऊन जाजो घरी. लय झाल्या."

फेब्रुवारीत मी बाबांसोबत पोडावर गेले. पहिल्यांदाच. छापलेला गठ्ठा दोन भागांत बांधून पिशव्यांत घेतला होता. सागाची पानं गळून रस्ताभर पडली होती, पायाखाली पापडासारखी वाजत होती. भीमाबाई ओट्यावर बसल्या होत्या, पाय लांब करून. त्यांना वाचता येत नाही. त्यांची सून अंगणवाडीत आहे, तिनं गठ्ठ्यातलं वरचं पान घेतलं आणि मोठ्यानं वाचायला लागली. ऱ्हस्व 'ए' आला की बाबा तिला रेघ दाखवायचे, ती आखूड उच्चारायची. चार-पाच शब्द झाल्यावर भीमाबाईंनी हात वर केला. काहीतरी म्हणाल्या. सून हसली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, हे तं मीच बोलून राह्यली. कागदातून."

भीमाबाईंनी पान हातात मागितलं. उलटं धरलं, सुलटं धरलं. मग तळहातानं ते सपाट केलं, सुरकुती नसतानाही, आणि मांडीवर ठेवून घेतलं. परत दिलं नाही. आम्हीही मागितलं नाही.

परतीच्या एसटीत बाबा खिडकीशी बसले. मला लहानपणापासून माहीत आहे, बाबा गाडीत झोपत नाहीत. आम्हा भावंडांना झोपवून ते जागे राहायचे, पिशव्यांवर पाय ठेवून. पांढरकवडा मागे पडलं आणि त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. आधी वाटलं गाडीचा हिसका. मग श्वास ऐकू आला, खोल, सावकाश. त्यांच्या डोक्याला इतकं वजन असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. कडेला कापूस निघून गेलेल्या पळाट्या उभ्या होत्या, त्यामागे सूर्य कललेला.

यवतमाळला गाडी रिकामी झाली. आम्हाला दिग्रसची धरायची होती. कंडक्टर दाराशी उभा राहून म्हणाला, "उठवा ना बाबाले, आला शेवटचा स्टॉप."

"दोन मिनिटं झोपू द्या, भाऊ," मी म्हणाले. "दिग्रसची एक गेली तर दुसरी आहे."

त्यानं बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिकिटांची पेटी मांडीवर घेऊन तो समोरच्या सीटवर बसला आणि खिडकीबाहेर पाहू लागला.